बिल्ल्याला भाग जात नाही

३ फेब्रुवारी
म्हशीला बिल्ला मारला त्या दिवशी मी गोठ्याबाहेर दुधाची किटली घासत होते. ह्यांनी म्हशीचं डोकं बगलेत दाबून धरलेलं, डॉक्टरांनी तिच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. बारा आकडे. हे तो आकडा बघून म्हणाले, "ह्याला कशानंच भाग जायचा न्हाई बघ. हट्टी हाय, तुझ्यावानी." त्यानंतर महिन्याभरात हे गेले. दोन वर्षं झाली. म्हैस आता भाकड आहे, किटली मी तरी रोज घासते.
सुरज कारेगावहून आला की एकच. "आई, विकून टाक तिला. यवतचा व्यापारी वीस तारखेला टेम्पो घेऊन येतोय."
मी काही हळवी बाई नाही. गणितानं ठरवायचं. बिल्ल्यावरच्या आकड्याला भाग गेला तर विकायची, नाही गेला तर ठेवायची. बिल्ला लांबूनच वाचला, तिला कान धरलेला खपत नाही: ३६०२१७५४८३९१. दोन दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी
तीन, सात, अकरा, तेरा झाले. सातला बाकी एक. दोन आणि पाचचा प्रश्नच नाही, शेवटी एक आहे. ह्यांचंच खरं दिसतंय.

९ फेब्रुवारी
सदतीसला बाकी छत्तीस. एकानं वाचली! वांगी करपली. सिंधूबाई कुंपणावरून ओरडली, "विठाबाई, काय जळतंय? भागाकार व्हय?"

१३ फेब्रुवारी
वाचनालयातल्या पुस्तकात मिळालं. संख्येच्या वर्गमुळापर्यंत भागून बघावं लागतं. वर्गमूळ सहा लाखांच्या वर. मी त्रेचाळीसवर आहे. पहाटे तासभर लवकर उठलं की होईल.

१४ फेब्रुवारी
उठले नाही. थंडी होती.

१८ फेब्रुवारी
सुरजचा फोन. म्हणाला, मोबाईलमध्ये टाकलं की लगेच कळतं, आकडा सांग. नाही सांगितला. गणितात घाई चालत नाही म्हटलं. तर म्हणतो, "आई, टेम्पो परवा हाय."

१९ फेब्रुवारी
आकडा एकदा ताडून घ्यावा म्हणून ओल्या फडक्यानं बिल्ला पुसला. शेवटच्या आकड्यावर शेण वाळलेलं. पुसल्यावर एकाचा चार झाला.
सम संख्या. दोननं भाग जातो. निम्मी केली, १८०१०८७७४१९७. बाकी शून्य. दोनदा केलं. दीड वही भरली, आणि हे दुसरीतल्या पोरीनं बोटावर सांगितलं असतं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पुराव्यानिशी ह्यांची चूक सापडली, आणि सांगायला ते नाहीत. म्हशीला सांगितलं. तिनं कान हलवला.
ठरलं ते ठरलं. उद्या म्हैस जाणार.

२० फेब्रुवारी
टेम्पो आला. व्यापाऱ्याला चहा दिला, सोबत खारी दिली, आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. मग किटली घासली.