मागचा डावा टायर

४ जानेवारी

दगड! चार दगडांवर बसून दवाखान्यात जाऊन आलो आज. पंक्चरवाल्याने टायरच्या अंगावरचा सगळ्यात मोठा आकडा वाचला आणि तेवढी हवा ठासून भरली. "लिहिलंच आहे ना ताई!" लिहिलंय म्हणे.

प्रत्येक गतिरोधकावर मागून "आई गं". परत येताना सासूबाई म्हणाल्या, "व्यायामाला नेतेयस की हाडं मोजायला?" खुब्याचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झालेला नाही त्यांना. मला एकदम रडूच आलं. मग राग आला. नवरोबाचा! स्वतः गेला बोटीवर, आणि मला ठेवली ही जीप. तिला चिखलातले, दातेरी, राक्षसासारखे टायर. रविवारी चिखलात लोळायची हौस याची, आणि डांबरी रस्त्यावर धक्के आम्हाला.

६ जानेवारी

फोन लागला एकदाचा. आधी पाच मिनिटं झापला त्याला. मग तो म्हणाला, टायरवरचा आकडा म्हणजे "याच्या वर जाऊ नकोस", "एवढी भर" असं नव्हे.

"मग दारावरच्या स्टिकरवरचा?"

"तो जुन्या टायरांचा. हे वेगळे आहेत."

"मग किती, ते सांग ना!"

"चिखलात मी अठरा पौंड ठेवतो. रस्त्यावर तेवढी ठेवलीस तर टायर तापेल, कडा झिजतील. आपल्या रस्त्याचा आकडा तुलाच शोधावा लागेल."

वा! संसारातलं सगळं मलाच शोधावं लागतं. एक युक्ती मात्र चांगली सांगितली. टायरवर खडूने आडवी रेघ मारायची, थोडं सरळ चालवायचं, आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. हवा सकाळी तपासायची, गाडी हलायच्या आधी. टायर गरम झाला की आकडा खोटं बोलतो.

९ जानेवारी

खडूला काय तोटा! माझ्या शिलाईच्या दुकानात कापड आखायचे खडू पडलेत ढीगभर. अठ्ठावीसवर मधली रेघ तशीच, दोन्ही कडा साफ. आणि स्टिअरिंग इतकं जड की खांदे भरून आले. म्हणजे कमी. बेचाळीसवर उलटं, मधेच पुसली. म्हणजे जास्त.

सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून परीक्षक! "डावीकडे राहिली बघ अजून!" मी भर गल्लीत टायरापुढे उकिडवी, हातात खडू. शेजारची बाई दोनदा गॅलरीत येऊन गेली. बघू दे.

१३ जानेवारी

सापडली! पुढे छत्तीस, मागे चौतीस. मागे ओझं कमी. सासूबाई बसल्या तरी काय, चिमणीचं वजन. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पुसली.

आणि आज आई दवाखान्यापर्यंत एकदाही कण्हल्या नाहीत. उलट बोलत होत्या. नवरोबा लहानपणी चिखलातून आला की त्याला अंगणात उभं करून नळीने धुवायच्या, ते सांगितलं. मी इतकी हसले की वळण चुकले.

१८ जानेवारी

आई आता दुकानात बसतात. बटणं लावतात. माझ्यापेक्षा सुबक, आणि तसं बोलूनही दाखवतात! गिऱ्हाइकं आधी त्यांची चौकशी करतात, मग कपड्याची.

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, लवकरच काठी सुटेल. काठी सुटली की मोठ्या भावजींकडे जायचं, हे आधीपासूनचं ठरलेलं. सहा तासांचा रस्ता. दवाखाना जवळ म्हणून फक्त इथे आणलं होतं. भावजींनी खालची खोली रंगवून घेतलीय. माणूस चांगला आहे, जाऊबाईही चांगल्या. संध्याकाळी भावजींचा फोन आला. "काठी काय, इथेही सुटेल. या शनिवारी आणून सोड." मी म्हटलं, "आणते."

आई कपड्याच्या घड्या घालत होत्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली त्यांनी.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं. नाही वाटत. रिकाम्या घरात मी भांडू कुणाशी?

२४ जानेवारी

बॅग भरली, डबा भरला, आणि मागचा डावा टायर बसलेला! चौतीसची पंचवीस. लांबच्या रस्त्यावर अशी गाडी कोण काढेल? जाणं रद्द. पुढच्या शनिवारी.

पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून बघितला. एक बुडबुडा नाही. हवा भरायच्या तोंडातली पिन बदलली त्याने.

आई म्हणाल्या, "राहू दे गं. थकला असेल बिचारा." दुपारी चांगलं दोन वेळा वाढून घेतलं त्यांनी!

माझा मोठा दाभण कुठे गेला कोण जाणे. सगळे खण उपसले.

३१ जानेवारी

आज लवकर उठले, टायर तपासायला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर आई! काठी पायरीला टेकवलेली, आणि स्वतः टायरापाशी उकिडव्या. उकिडव्या! व्यायामवाल्या बाईंसमोर वाकताना देवाचा धावा करणारी ही बाई! टायरच्या तोंडाची टोपी दातात, माझा दाभण पिनेत खुपसलेला, आणि हवा सुस्स करून चाललेली. मधेच कान देऊन दाराकडे बघत होत्या. मग पदराने टोपी पुसून नीट बसवली.

मी मागे सरले. चहा ठेवला. भांडी मुद्दाम वाजवली, म्हणजे त्यांना आत यायला वेळ मिळेल. भावजींना कळवलं, पुन्हा हवा गेली. "टायर बदलून टाक ना!" ते वैतागले.

विचारलं नाही मी. विचारलं तर मान खाली घालतील, ते मला बघवणार नाही. "राहू का?" असं तोंडाने म्हणणाऱ्यातल्या त्या नव्हेत. आणि मी? मी तरी कुठे म्हटलं, राहा म्हणून? "आणते" म्हणून मोकळी झाले. त्यांना वाटत असणार, ही दिवस मोजतेय.

३ फेब्रुवारी

नवरोबाचा फोन. मी शिलाईवर होते म्हणून स्पीकरवर ठेवला. टायरचं ऐकून त्याचा आवाजच बदलला. "हे गमतीवारी नेऊ नकोस. हळूहळू हवा जाणारा टायर लांब पळवला तर तापून फुटतो. आईला सोडून तू एकटी परत येणार त्याच रस्त्याने. तेव्हा फुटला तर?"

आईंच्या हातातलं बटण खाली पडलं. उचललं नाही त्यांनी. "एकटीच यायची का रे ही?" एवढंच विचारलं.

५ फेब्रुवारी

दाभण खणात. नेहमीच्या जागी, स्वच्छ पुसून.

म्हणजे माझ्या जिवाची काळजी वाटली, आणि यांनी हातातलं एकमेव हत्यार खाली ठेवलं. काय बाई आहे ही! मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. गिऱ्हाइक दार वाजवून निघून गेलं.

बाहेर आले तर बॅग भरणं चाललेलं. "जाते मी शनिवारी. तुलाही तुझी कामं आहेत." राहा म्हणायचं होतं मला. ते सोडून मीही त्यांच्या लुगड्यांच्या घड्या करू लागले.

७ फेब्रुवारी

सकाळी टायर तपासले. पुढे छत्तीस, मागे चौतीस. मागचा डावासुद्धा अगदी चौतीस.

खणातून दाभण आणला. टोपी काढली. पूर्ण बसेपर्यंत हवा सोडली.

आत गेले. आई चपला घालून, बॅग पायाशी घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, "आई, मागच्या डाव्यातली हवा गेली हो. आज जाणं नाही. मला वाटतं, दर शनिवारी जाणार ती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या दाभणाकडे.

मग एक एक करून चपला काढल्या आणि म्हणाल्या, "ती बॅग आत ने गं. मला मेलीला वाकवत नाही."