तोंडी ठरलेले पाणी

मी, निवृत्त टंकलेखिका, पाणी समितीची माजी सचिव, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे कोणी उरलेलेही नाही.

१. टाइपरायटर वाचनालयाला द्यावा. खटल्याचे कागद, एकूण सात ट्रंका, तिथेच ठेवाव्यात. जंगलातून येणाऱ्या पाचही ओढ्यांचे पाणी सरकारचे, असा वनखात्याचा दावा होता. आमचा वापर चार पिढ्यांचा, हे आम्ही अकरा वर्षे सिद्ध करत होतो. यातले एक पानही रद्दीत गेले तर मी वरूनसुद्धा तक्रार करीन.

२. पाण्याची पातळी मोजायची पितळी पट्टी खात्याच्या साहेबांना परत करावी. आमचे विरोधक, पण माणूस सरळ. जे देणार नव्हते तेही लेखी कळवायचे.

३. समितीने सत्कारात दिलेले भिंतीवरचे घड्याळ ज्याला हवे त्याने न्यावे. ते का मिळाले, हे सांगते. न्यायाधीश शेवटी म्हणाले, आपसात मिटवा. खात्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, "एक ओढा जंगलासाठी पूर्ण सोडा, बाकी चारांवरचा दावा आम्ही मागे घेतो." कोणता सोडायचा? सगळे टेबलाकडे बघत बसले. मी म्हणाले, "आमचा घ्या." टाळ्या पडल्या. त्या ओढ्यावर माझे काहीच नव्हते, धाकट्या भावाची रोपवाटिका होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरे काय.

४. बैठकीनंतर जिन्यातच समितीच्या अध्यक्षांनी आणि इतर सभासदांनी शब्द दिला की, उन्हाळ्यात चारही ओढ्यांवरून आठवड्यातून एकेक दिवस पाणी धाकट्याला सोडू. सरकारकडून चिठ्ठीचपाटीचीही पोच घेणारी मी, शेजाऱ्यांपुढे कागद ठेवायला लाजले. दोन उन्हाळे पाणी आले. तिसऱ्या वर्षी कोणाचा पाइप फुटला, कोणाची मोटर जळली. धाकटा मागायला गेला नाही. मला म्हणाला, "ताई, शब्द तू घेतलास, आता तूच बघ." मी बघितले नाही. मला वाईटपणा नको होता. त्याची रोपे वाळली. तो गोदामावर पहारेकरी झाला आणि गेल्या वर्षी वारला. शेवटची नऊ वर्षे तो माझ्या घराची पायरी चढला नाही. मला त्याची फार आठवण येते.

५. राहते घर, मागची जमीन आणि तिला जोडलेली चौथ्या ओढ्यावरची गुरुवारची पाण्याची पाळी, हे सर्व धाकट्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, मिळावे. ही पाळी लेखी आहे, नोंदलेली आहे. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आत्या, आता पाणी घालू कशाला?" तरीही तिने ती घ्यावी, एवढी विनंती. विकायची झाल्यास तिची मर्जी.

६. अध्यक्षांना आज साक्षीला बोलावले होते. कलम चार वाचून त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "ताई, आहे ते खरं आहे. आम्ही चुकलो, पाणी द्यायला हवं होतं. पण हे लिहून कशाला ठेवता?" सही न करता, अर्धा चहा तसाच टाकून ते गेले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे उतरवले आहेत. ते ऐकणारे दोघे खाली सही करत आहेत: माझ्या सहीचे साक्षीदार म्हणून, आणि त्या शब्दांचेही.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा