प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

माझ्या मोठ्या लेकीस,

तुझ्या पदवीच्या कागदापायी माझ्या चपला झिजल्या. परदेशातल्या नोकरीला सरकारी शिक्क्याची पदवी लागते, आणि तुला रजा मिळेना, म्हणून हे काम माझ्या गळ्यात टाकून तू मोकळी झालीस. खिडकीवरच्या कारकुनाने पदवी उलटसुलट करून पाहिली. "काकू, लॅमिनेशन कुणी केलं? प्लास्टिकवर शिक्का बसत नाही."

कुणी केलं म्हणजे? मीच केलं! कपाटाला ओल येते म्हणून तुझी सगळी सर्टिफिकेटं लॅमिनेट करून आणली होती, दुसरीतल्या लिंबू-चमच्याचंसुद्धा. घरी येऊन सुरीने कोपरा सोडवायला गेले, तर तुझं नावच सोलून निघालं. मग विद्यापीठात दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज. अर्जावर फोटो हवा, फोटोवर साहेबांची सही हवी, आणि साहेब रजेवर! वर तू रोज फोनवर, "आई, एक काम धड जमत नाही का गं तुला?"

जमलं, बाई. मंगळवारीच जमलं. शिक्का मारलेली नवी पदवी कपाटात चादरींखाली ठेवली आहे. काल मी फोनवर "साहेब अजून आले नाहीत" म्हणाले, ते खोटं होतं. आज विचारलंस तरी तेच सांगणार आहे. तुझी मुदत कधी संपते ते मला पाठ आहे; शुक्रवारी या पत्रासकट कुरियर करीन.

पण गेली दोन वर्षं तुझा फोन महिन्यातून एकदा यायचा. या कागदापायी तू रोज करतेस. चिडायला का होईना, करतेस.

एक काम धड न जमणारी,
तुझी आई