अप्पांची खिंड

अप्पा, आमच्या चाळीमागच्या रस्त्याला तुमच्या नावाची पाटी लागायची आहे. महापालिका झाल्यापासून गल्ल्यांची, चौकांची नावं लिहून घेणं चाललंय. परवा एक कारकून आला आणि कागद माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच भरा." रस्त्याचं चालू नाव त्याने आधीच लिहून आणलं होतं, अप्पांची खिंड. खाली दोन रकाने, पूर्ण नाव आणि कार्य. मी विचारलं, नाही भरलं तर? "मग वरून दुसरं कुणाचंतरी नाव येईल." शेजारच्या मावशी, मूळच्या चिखलीच्या, दारात लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलाच मानूस असंल की. वाईटाच्या नावाचा रस्ता कुठं असतोय व्हय?" मी कागद घेऊन आत गेले.

मला आठवतो तो काच कारखान्यातल्या संपाचा तिसरा आठवडा. तुम्ही बशीत चहा ओतून तसेच बसला आहात. आई पाण्याला गेली आहे, म्हणून मला सांगताय, की काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. ती थंड झाली तर आतली काच गोठते, विटा तडकतात. "संप जिंकून मग जायचं कुठं, पोरी?" दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याच्या मागच्या भिंतीचे दगड काढून तुम्ही आत शिरलात आणि संप मिटेपर्यंत रोज शिरत राहिलात. त्याच दिवसांत पुढच्या गेटवर समोरच्या खोलीतल्या काकांचे दोन दात पोलिसांच्या काठीने पडले. नंतर सगळे परत आले ते तापलेल्या भट्टीवरच, पण त्या भगदाडाला तुमचं नाव पडलं. "काय अप्पा, आज गेटनं का खिंडीनं?" "गेटनं कशाला राव, सोताची वाट हाय त्यांची!" तुम्ही डबा घेऊन खाली मान घालून चालत राहायचात. काका हसायचे नाहीत. ते तुमच्याकडे बघायचेच नाहीत.

तुम्ही गेलात. पुढे भिंत पाडली, भगदाडाची वाट झाली, वाटेचा रस्ता झाला. हसणारे थेरगावकडे घरं बांधून गेले. टोमणा त्यांच्याबरोबर गेला, नाव तेवढं मागे राहिलं. भाजीवाली आता किती मायेने सांगते, "अप्पांच्या खिंडीतच बसते मी, या की." मी सासरच्या आडनावाने इथे परत आले, त्यामुळे मी कुणाची मुलगी हे कुणाला ठाऊक नाही.

दोन दिवस मी तो कागद घेऊन बसत होते आणि उठत होते. कार्य म्हणून काय लिहू, अप्पा? भट्टी राखली म्हणू, तर काकांचं तोंड डोळ्यांपुढे येतं. संप फोडला म्हणू, तर तो बशीतला गार चहा. तुम्ही बरोबर होतात का, हे मला अजून कळत नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि आई गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही. काहीतरी सांगा. एक शब्द सांगा, मी तेवढाच लिहीन.

आज सकाळी कारकून कागद न्यायला आला. मावशींनी विचारलं, "घावलं का गं नाव?" मी मान हलवली, नाही म्हणून. दोन्ही रकान्यांत मी लिहिलं होतं, माहिती नाही. त्याने कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि सायकलवर बसला. हाक मारायला वेळ होता.

हे पत्र पाठवायला जागाच नाही. पण सांगायचं ते एवढंच, की सायकल दिसेनाशी झाली तेव्हा, अप्पा, मला हायसं वाटलं.