चेअरमनच्या घरचं दूध

मिरजगाव
६ नोव्हेंबर २०२४

चि. सुनील यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जगातल्या तमाम आत्यांची एक जुनी तक्रार आहे आणि तिच्याखाली माझीही सही आहे. भाच्यांना आमची आठवण दोनदाच येते. एकदा बारशाला कानात नाव सांगायला, आणि पुढे ते चेअरमन झाले की स्टेजवर फुकट भाषण ठोकायला. तुझ्या बारशाचं काम मी केलं आहे. भाषणालाही येईन. हिवरवाडीची दूध संस्था माझ्या दादाने, तुझ्या वडिलांनी, पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केली. तिच्या रौप्यमहोत्सवात मी नाही बोलणार तर कोण?

फोन मात्र करू नकोस. कान गेले आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, त्याची ही शिक्षा असेल. जीभ शाबूत आहे. तेव्हा पत्रच लिही.

पत्रिका आणि बॅनरचा फोटो मिळाला. गुटगुटीत बालक स्पर्धा ठेवलीस, छान. पण बॅनरवर दुधाचा पेला धरून बसलेलं ते बाळ कुणाचं? गाल कसे, मनगटाला वळ्या कशा! आपल्या गावात असं पोर मी तरी पाहिलं नाही. आणि तुझी दिशा का नाही बॅनरवर? दादाच्या वर्षश्राद्धाला माझ्या मांडीवर बसली होती, तर बसल्याचं कळतसुद्धा नव्हतं.

वहिनींना नमस्कार, सूनबाई सविताला आशीर्वाद. माझ्यावर लोभ असेल तर प्रश्नाचं उत्तर दे, नुसता 'असावा' म्हणू नकोस.

तुझी
भागूआत्या


हिवरवाडी
१४ नोव्हेंबर २०२४

ती. भागूआत्यास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू येणार म्हटल्यावर आई म्हणाली की मांडवाच्या दोऱ्या घट्ट बांधा, भागूबाई बोलाय लागल्या की कापड उडतं. सगळे हसले. पण आत्या, यंदा शिव्या जरा कमी. आमदार येणार आहेत.

गाव बघशील तर ओळखणार नाहीस. संस्थेची दुमजली इमारत झाली, दूध थंड ठेवायची मोठी टाकी आली, कॅन न्यायला स्वतःचा टेम्पो आहे. दारोदार मोटारसायकल आहे, घरांवर स्लॅब पडले. हे सगळं दुधाने केलं. मी चेअरमन झाल्यावर एकच नियम केला: गोठ्यातलं दूध संस्थेतच आलं पाहिजे. घरी ठेवलेलं दूध म्हणजे गावाचं नुकसान. वर्षात सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या घराला चांदीचा कप देतो. गेली दोन वर्षं तो आपल्याच घरी आहे. चेअरमननेच कित्ता घालून द्यायचा असतो. व्हाईस चेअरमन आसाराम यंदा अगदी मागोमाग आहे, पण कप त्याच्या दारात जाऊ देणार नाही.

बॅनरवरचं बाळ म्हणजे सविताच्या भावाचा ओंकार. केडगावला असतात ते. फोटोत उठून दिसतो म्हणून घेतला. दिशा काय, अंगाने बारीकच. आपल्या घराण्याची काठीच तशी, मी पण तसाच होतो असं आई सांगते. तिला दुधापेक्षा कोरा चहा आणि बिस्किटच जास्त आवडतं. दिवाळीत जरा ताप आला होता, व्हायरल. आता बरी आहे.

तू 'दुधातून गावाचा विकास' या विषयावर बोलावंस अशी सर्व संचालकांची इच्छा आहे. थंडी पडली आहे, शाल घेऊन ये. तुझ्या आशीर्वादाची आणि थोड्या दयेची अपेक्षा.

तुझा
सुनील


हिवरवाडी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सविताचा सा. नमस्कार. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. शाळेतच काय ते निबंध लिहिले. चुकलं तर समजून घ्या. ह्यांना मी लिहिल्याचं माहीत नाही.

दिवाळीत दिशाला व्हायरल नव्हतं. चार दिवस तिला नगरला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले की हिला रोग काही नाही, अंगात काही जात नाही म्हणून ताप धरून बसतो. ह्यांनी त्यांनाच विचारलं की तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे. त्याआधी अंगणवाडीच्या ताईंनी दंडाला मापाची पट्टी लावली होती, ती पिवळ्यावर, म्हणजे कुपोषणाच्या खुणेवर आली. सासूबाई म्हणाल्या, चेअरमनच्या नातीला पट्टी लावतेस, आधी आपल्या पोरांना लाव.

सासूबाईंच्या गळ्यात माळ, घरात अंडं येत नाही. त्याचं मला काही नाही. पण मग दूध तरी पाहिजे ना? मी एकदा वाटीभर काढून ठेवलं. त्या दिवशी बजरंगभाऊजी, म्हणजे संस्थेत माप घेतात ते, सगळ्यांसमोर हसत म्हणाले की चेअरमनच्या गाईला काय झालं, आज दूध कमी. हे घरी आले ते तोंड पाडून. सासूबाई म्हणाल्या, पोरगी चहावर लई खूश हाय, कशाला लाड करतीस.

धार मीच काढते, आत्याबाई. दिशा वाटी घेऊन शेजारी उभी राहायची. मी म्हणायचे थांब, आता देते, आणि देत नव्हते. आता ती वाटी आणत नाही. गोठ्यातच येत नाही. मागायचं सोडलं तिने. ते मला बघवत नाही.

ओंकार मात्र पिशवीतलं दूध पितो केडगावला. आमचा टेम्पो नेतो ते दूध पुढं पिशव्यांतच भरतात. माझी वहिनी हौसेने पेला भरतानाचा फोटो पाठवते. मी बघते आणि मोबाईल ठेवून देते.

स्टेजवर काहीतरी बोला. माझं नाव घेऊ नका. सुनेवर माया करता तशी ठेवा.

तुमची
सविता


मिरजगाव
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सुनील यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला दुसऱ्या कुणी काही सांगायची गरजच पडली नाही, इतकं ते मोकळं आहे. सगळं दूध संस्थेत जातं, हे तूच लिहिलंस. दिशाला कोरा चहा आवडतो, हेही तूच लिहिलंस. दोन वाक्यांच्या मध्ये टेम्पो, टाकी आणि चांदीचा कप उभा केलास म्हणून तुला ती एकमेकांशेजारी दिसली नाहीत. अडीच वर्षांच्या पोरीची आवड म्हणे! आवडायला आधी समोर दोन पेले यावे लागतात, बाळा.

आणि घराण्याची काठी? तू बारीक होतास कारण त्या साली गोठ्यात एक भाकड म्हैस होती. ती गरिबी होती, तिला मी घराण्याचा वारसा म्हणणार नाही. आज तुझ्या गोठ्यात दुधाची धार थांबत नाही आणि तुझी पोरगी तुझ्याच मापाची राहिली आहे. मग मधली पंचवीस वर्षं कुणी प्याली?

विकासावर बोल म्हणतोस. बोलते. जगात सर्वांत जास्त दूध आपल्या देशात निघतं. अर्थव्यवस्थेचा नंबर कितवा आला, हे तर रोज ढोल वाजवून सांगतात. आणि याच देशात पाच वर्षांखालच्या दर तीन पोरांत एक पोर वयाच्या मानाने खुजं आहे. मी हे वाचायचे तेव्हा मला मेळघाट दिसायचा, दुष्काळ दिसायचा. आता तुझी स्लॅबची घरं दिसतात. पैसा घरात आला की पोटात आपोआप जातो असं मानणारे शहाणे दिल्लीतच बसतात असं वाटायचं. एक हिवरवाडीतही निघाला, आणि त्याच्या कानात नाव मीच सांगितलं होतं.

गावातलं एक पोर बॅनरवर लावता आलं नाही, म्हणून केडगावहून उसनं आणलंस! उद्या गाईही उसन्या आणून दाखव.

मी येईन आणि हेच बोलेन, आमदार असोत वा नसोत. बोलू द्यायचं नसेल तर तसं कळव. रागावलीस का असं विचारू नकोस. हो, रागावले आहे. माया होती म्हणूनच.

तुझी
भागूआत्या


हिवरवाडी
१८ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

आपण आला नाहीत ते बरं झालं. आमदारांच्या सोयीने तारीख बदलली, ते आपल्याला कळवलं नाही याबद्दल क्षमस्व. संचालकांनी दुसरे वक्ते ठरवले. कार्यक्रम उत्तम पार पडला. आमदारांनी संस्थेचं कौतुक केलं. गुटगुटीत बालक स्पर्धेत चि. ओंकारचा पहिला नंबर आला. चांदीचा कप तिसऱ्यांदा आपल्याच घरी आला. आसाराम थोडक्यात मागे राहिला.

आपलं पत्र घरात वाचलं गेलं. त्यानंतर सविताने जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलून घेतलं, अगदी आईच्या समोर. दवाखान्याचं आपल्याला तिनेच लिहिलं होतं, तेही सांगितलं. कार्यक्रम झाल्यावर ती ओंकारच्या आईवडिलांबरोबर दिशाला घेऊन केडगावला गेली. ती परत आली नाही.

कळावे.

सुनील

ता. क. आत्या, काल मी केडगावला गेलो होतो. दिशा दूध पीत होती. मला बघितलं आणि पेला पाठीमागे लपवला. सविता म्हणाली, घरात पोरीसाठी दूध ठेवाल त्या दिवशी येईन. आई तीन दिवस धड जेवली नाही, पण मान्यही करत नाही. मी चेअरमन आहे. नियम मीच केला. माझंच माप कमी आलं तर उद्या सगळं गाव घरी दूध ठेवील. सांग, मी कसा मोडू?


मिरजगाव
२२ डिसेंबर २०२४

चि. सुनील,

आज आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहे. तो कमवावा लागेल.

उद्या सगळं गाव घरी दूध ठेवील, याची तुला भीती वाटते. बाबा रे, माझ्या भाषणाने पंचवीस वर्षांत जे झालं नसतं, ते तुझ्या एका कमी मापाने होणार असेल, तर याहून मोठा विकास कुठला? टेम्पो थोडा हलका जाईल. आसाराम कप घेऊन जाईल, तर जाऊ दे. तुझ्या घरात तो कप ठेवलेला आहे ना, त्यात कधी कुणी दूध प्यालं का?

तुझ्या लेकीने तुला बघून पेला लपवला. बापाला बघून. तू चेअरमन आहेस हे अडीच वर्षांच्या पोरीला आता पाठ झालंय. या शिक्षेवर मी माझी भर घालणार नाही.

आणि वहिनींना सांग, माळ घालणाऱ्याने मुक्या जिवाला दुखवायचं नसतं. मागणं सोडलेलं लेकरूही मुकंच.

तुझ्या बारशाला कानात नाव सांगितलं होतं, तसंच आज एकच गोष्ट सांगते. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा कॅन संस्थेत ने. बजरंगसमोर, आसारामसमोर, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर, माप घेण्याआधी त्यातलं तांब्याभर दूध बाजूला काढ. लपवू नकोस. बजरंग हसला तर हसू दे. तो तांब्या घेऊन पहिल्या एसटीने केडगावला जा आणि दिशाच्या हातात दे.

मग माझा आशीर्वाद घे.

भागूआत्या