दोघी आणि अडतीस खाटा

३ मार्च
आजपासून आम्ही दोघीच! अडतीस खाटा, दोन नर्स. तिसरी शनिवारी राजीनामा देऊन गेली. सहा वर्षं माझ्याबरोबर राबली होती. "तूही निघ गं, इथे हाडं झिजतील," म्हणाली. मेट्रनबाईंचं एकच पालुपद — "थोडं सांभाळून घ्या." चार महिने तेच ऐकतेय. किती सांभाळायचं?

६ मार्च
सकाळी सातला आले, पाण्याचा पहिला घोट दुपारी दोनला. सतरा नंबरवर निवृत्त गुरुजी आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "बाई, तुम्ही चालताना कधी दिसतच नाही. माझ्या शाळेत असतात तर शर्यतीत पहिल्या!" मी हसले. दिवसभरात तेवढंच.

७ मार्च
गुरुजी पडले.

बेल वाजत होती. मला ऐकू येत होती! पण चार नंबरच्या आजींना रक्त लावलेलं, आणि त्यांना एकदम थंडी भरून आली. त्यांना टाकून जाऊ कशी? दुसरी नर्स ऑपरेशनचा पेशंट आणायला खाली गेलेली. बारा मिनिटं बेल वाजली. शेवटी गुरुजी एकटेच बाथरूमला निघाले. खुब्याचं हाड मोडलं.

फरशीवर पडल्यापडल्या मलाच म्हणाले, "चूक माझीच हो, बाई. जरा दम धरायला हवा होता."

त्यांची चूक! तळपायाची आग मस्तकात गेली.

८ मार्च
मेट्रनबाईंनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. "लिही — रुग्णाने सूचना पाळली नाही." नजर टेबलावर.

मी लिहिलं — 'दोन नर्स, अडतीस रुग्ण. बेल बारा मिनिटं वाजली. कुणीही जाऊ शकलं नाही.' खाली सही ठोकली.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे! नाहीतरी इथे टिकतंय कोण?"

१० मार्च
गुरुजींची मुलगी रोज विचारतेय, "बाबांच्या बेलला कुणीच का आलं नाही?" आज मेमो आला. 'कर्तव्यात कसूर.' माझी! घरी नवरा म्हणाला, "मार लाथ त्या नोकरीला." राजीनामा लिहिला.

११ मार्च
राजीनामा द्यायला गेले, तर मेट्रनबाईंची खुर्ची रिकामी. सत्तावीस वर्षांची नोकरी सोडून सकाळीच गेल्या. टेबलावर माझा अहवाल. माझ्या सहीखाली त्यांची सही, आणि दोन ओळी — 'हे खरं आहे. चार महिन्यांत नर्स मागणारी नऊ पत्रं मी वर पाठवली. प्रती सोबत.'

नऊच्या नऊ पत्रांच्या प्रती मी गुरुजींच्या मुलीच्या हातात दिली.