दत्तूचा वात

उधना, सुरत
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बसने पाठवलेले ज्वारीचे बिबडे पोचले. पिशवीवर तू ‘फक्त जयश्रीसाठी’ असं लिहिलंस, त्याबद्दल तक्रार नोंदवणं मला भाग आहे. मी एकेचाळीस वर्षं तुझा सख्खा भाऊ आहे, ती तुझी भावजय होऊन नऊच वर्षं झाली. गर्भिणीचे डोहाळे पुरवावेत असं शास्त्रात आहे. पतीला उपाशी ठेवावं असं माझ्या तरी वाचनात नाही. तुझा शब्द मोडू नये म्हणून मी फक्त तुटलेले खाल्ले. बरेच तुटले होते.

फोन करत नाही, कारण आमच्या एकुलत्या खोलीत जयश्री साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली असते आणि तुझा फोन अमळनेरची अख्खी आळी ऐकते. शाळेतल्या मोकळ्या तासाला लिहितोय. उत्तर शाळेच्या पत्त्यावरच पाठव.

तिला साडेतीन महिने झाले. दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात सिकलसेल निघालं, पण अर्धं. अर्धं असलेल्याला त्रास होत नाही म्हणे. मग माझं तपासलं. माझंही अर्धं. दोघांची अर्धी बाळाकडे एकत्र गेली तर बाळ आजारी. चारांत एकाला असं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लग्न नात्यातलं का? मी म्हणालो, मामाची मुलगी, हक्काची. हे आपण आजवर छाती काढून सांगत आलो. बाईंचं पेन लिहिता लिहिता थांबलं. पत्रिका मीच जुळवली होती, एकतीस गुण. रक्ताचं कोष्टक पंचांगात नसतं.

घरात लहानपणी कुणी हातपाय दुखून आजारी होतं का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. पंचवीस तारखेला पोटातलं पाणी सुईने काढून बाळाची तपासणी करणार आहेत. तोवर रोज सकाळी उठायचं आणि काही झालं नसल्यासारखं चहा प्यायचा. संस्कृतच्या वर्गात ‘पितृ’ शब्द आला की मुलांना पाठ करायला सांगून मी खिडकीबाहेर बघत बसतो. थकलोय, अक्का.

कळावे. लोभ असावा, बिबड्यांत नसला तरी निदान पत्रात दिसावा.

तुझा
शालिग्राम


अमळनेर
दि. १५ नोव्हेंबर २०२५

चि. शालिग्राम यास,
अनेक आशीर्वाद.

बिबडे मी कापडात गुंडाळून दिले होते. ते बसमध्ये तुटले नाहीत, तू तोडलेस. लहानपणी पापडांचंही असंच करायचास.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. घरात कुणी नव्हतं असं कसं म्हणालास, भाऊ? दत्तू आपला नव्हता का? तुझ्या पाठचा, दोन वर्षांनी लहान. थंडी पडली की गुडघे धरून बसायचा, डोळे पिवळे व्हायचे. सगळे वात म्हणायचे. आई तेल चोळायची. बाबांनी एकदा डागही दिले, तेव्हा तर त्याचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला होता. अकराव्या वर्षी गेला पोर. तू एवढा शिकलेला, सगळे श्लोक ध्यानात राहतात, आणि हे राहिलं नाही?

लग्नाचा हट्ट माझा होता. आईच्या माघारी मामाचीच पोर घरात यावी म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. जयूला बोल लावू नकोस. लावायचा तर मला लाव, मी दूर आहे, मला लागणार नाही.

बाईंना दत्तूचं खरं सांग. जयूलाही सांग. तुझ्यासाठी वेगळे बिबडे करीन, पण आधी सांग.

आशीर्वाद मागायला लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी
अक्का


उधना, सुरत
दि. २६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना सांगितलं. रागावल्या नाहीत, मान हलवून लिहून घेतलं. आता औषधं आहेत, नीट सांभाळलं तर अशी मुलं शाळेत जातात, मोठी होतात, असं म्हणाल्या. काल सुई झाली. जयश्रीने माझा हात असा आवळला की आज खडू धरवत नाही. घरी आल्यावर तिनेच मला विचारलं, चहा टाकू का. रिपोर्ट दोन आठवड्यांनी.

दत्तूचं तिलाही सांगितलं. तो तिचा आतेभाऊ. गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. वाताने गेला एवढंच तिने ऐकलं होतं. बराच वेळ टिकल्या चिकटवत राहिली. मग म्हणाली, रिपोर्ट काहीही येवो, मूल मी ठेवणार. तुमचं काय ते तुम्ही बोला. मी अजून बोललेलो नाही.

तुला बोल कशाला लावू? मी कुठे नको म्हणालो होतो?

तुझा लोभ मात्र इथेच मागून ठेवतो. पुढचं वाचून तो उरेलच याची खात्री नाही.

दत्तूला मी विसरलो नव्हतो. तो कण्हायला लागला की आई मला त्याचे पाय चेपायला बसवायची, आणि मी वही मित्राकडे राहिली असं सांगून निघून जायचो. तेराव्या वर्षी पाठशाळेत राहायला जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा पोराला विद्येची ओढ आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. ओढ कसली, अक्का. तिथे त्याचा आवाज येत नव्हता. तो गेला तेव्हाही मी तिथेच होतो.

रिपोर्टला मी तितकासा भीत नाही. माझं मूल दुखून रडायला लागलं की मी पुन्हा काहीतरी निमित्त काढून घराबाहेर पडेन, याची मला भीती वाटते.

शालिग्राम